कानशिलात

पाव साधा सँडविचचाच घ्यायचा, पांढरा, भुसभुशीत,
ज्याला आईनं जन्मात पाव म्हटलं नसतं.
कापूस म्हणायची ती,
आणि दुकानदार वेसाच्या तोंडावर म्हणायची.
कडा कापून टाकायच्या.
सुरी ओन्नीच्या हाती द्यायची नाही.
त्याचा डावा हात डिसेंबरपासून
मांडीवर मांजरासारखा निजून असतो.

खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ आहे.
पहाटे चारला बर्फ लोटणारी गाडी टेकडी चढून गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून फिरला तेव्हा
आम्ही दोघं जागेच होतो, दोन खोल्यांत,
झोपेचं सोंग घेऊन.

आईचा पुल्ला म्हणजे अख्खा शनिवार.
दूध कोमट करा, यीस्ट जागं करा, वेलदोडे कुटा,
पीठ दोनदा फुगू द्या,
दार लोटा रे, वारा लागेल त्याला!
माझी बोटं आता सांध्यांत सुजलेली,
ओन्नीकडे चालणारा हात एकच.
हिशेब केला तर दोघांत मिळून दीड हात.
तेव्हा, कापूस तर कापूस.

लाटणं ऐलीच्या वाटणीत गेलं,
म्हणून रिकामी बाटली.
ओन्नी उजव्या हातानं ती पावावर फिरवतो.
स्लाइस आधी दबते, मग पसरते,
मग टेबलाची रेघ तिच्यातून दिसायला लागते.
"हे," तो म्हणतो. जीभ अडखळते.
"हे सो... सोपं."
अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यानं
कुठल्याच गोष्टीला सोपं म्हटलेलं मला आठवत नाही.

लोणी, साखर, दालचिनी, वेलदोडा चिमूटभर.
चिमूट मोठी झाली. होऊ दे.
घट्ट गुंडाळायचं, शिवण खाली,
तिरकं कापायचं, मधोमध अंगठा दाबायचा,
म्हणजे दोन्हीकडून कान वर येतात.

आमच्या भाषेत याला कोर्वापूस्ती म्हणतात,
म्हणजे कानशिलात मारलेली.
गोडाला असलं नाव का, मी लहानपणी विचारलं
तर आई म्हणाली, खाल्लीस की कळेल.

ओन्नीनं मला एकदाच मारली.
एकोणनव्वद साली, आईला पुरून आल्यावर,
चर्चच्या तळघरात, कॉफीच्या किटलीशेजारी,
एका बोटीवरून. सोळा फुटी, साध्या बोटीवरून.
उजव्या हातानं. म्हणजे याच.
डाव्या कानात मला अजून थंडीत
दूरच्या सरोवरासारखं काहीतरी ऐकू येतं.
बोट त्याच्या अंगणात कुजली,
तीही बर्फाखाली, कुणी न वल्हवता.

ओव्हन तीनशे पंचाहत्तर. बारा मिनिटं.
बारा मिनिटं कुठं ठेवायची ते कळत नाही.
तो भिंतीकडे बघतो, मी घड्याळाकडे.
कापलेल्या कडा वाडग्यात जमवल्यात मी,
त्यांचं काय करायचं कोण जाणे,
टाकवत नाहीत.

मग वास येतो.
शनिवारचाच, पण जरासा खोटा,
शाळेच्या नाटकात आई झालेल्या मुलीसारखा.
ओन्नी डोळे मिटतो.
मी ट्रे काढायला उठतो, नाहीतर मलाही मिटावे लागले असते.

दोन उलगडल्या, एक करपली, बाकीच्या ठीक.
ओन्नी एक उचलतो, फुंकर घालतो;
ओठ वाकडा, फुंकर भलतीकडेच जाते.
मग ती माझ्यापुढे धरतो,
माझ्या डाव्या बाजूनं, कानाच्या उंचीवर,
आणि मी, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस,
मान आखडून घेतो.

हात तिथंच थांबतो.
साखर त्याच्या मनगटावरून खाली ओघळते.
"गरम आहे," तो म्हणतो. एवढंच.

मी घेतो. खातो.
वेलदोडा जास्त झालाय, सांगतो.
तो दुसरी तोंडात टाकतो, बराच वेळ चावत राहतो,
आणि एकदाही न अडखळता,
हुबेहूब आईच्या सुरात म्हणतो,
"कापूस."

आणि तिसरीकडे हात नेतो.