तळघराची खिडकी

एकतीस वर्षं हा मोहल्ला मी
घोट्यापर्यंतच पाहिला.

खिडकी दीड वीत उंच, चार हात रुंद.
तिच्याबाहेर कुर्तुलुशचा फुटपाथ,
आत आमची चूल, आमचा पलंग,
आणि कोळशाची भट्टी होती तोवर तिची धग.
माणसं जायची बिनचेहऱ्याची,
तरी चुकलो नाही कधी.

उजवी टाच झिजलेली : हिदिर वाणी.
काखेतली उधारीची वही दिसायची नाही,
पण तिच्या वजनानं तो कलायचा त्या बाजूला.
एकच लेस बांधलेली : तिसऱ्या मजल्याची बेरफिन,
परीक्षेला उशीर झालेली.
आणि रात्री दोनला येणारी अनवाणी पावलं,
उंच टाचा हातात धरलेली,
ती कुणाची, ते मी सकाळी पाव वाटताना
कुणालाच सांगितलं नाही.
पहारेकऱ्याचा अर्धा पगार
न बोलण्याचा असतो.

आता दाराला आकड्यांचं कुलूप येणार.
जिन्यात कॅमेरा. कचऱ्याला कंपनी.
मालक म्हणाला, "गावी जा, सातिल्मिश एफेंदी,
शावशातची हवा चांगली, तुमचं वय झालं."
हवा चांगलीच आहे. मी कुठे नाही म्हणालो.

नाही म्हणाली दोंदू.
सलग पाचवी मुलगी झाली म्हणून
बापानं नाव ठेवलं होतं : दोंदू, म्हणजे वळली.
नशीब वळावं म्हणून. वळलं नाही, सहावीही मुलगीच.
तीच दोंदू गावाकडे वळायला तयार नाही.
"तिथे मला कोण विचारतं?
इथे चोवीस घरांच्या किल्ल्या आहेत माझ्यापाशी."
काल रात्री तिनं एकेक दार वाजवून
चोवीस किल्ल्या परत केल्या.
तेव्हापासून एप्रनचा खिसा चाचपते आहे.
मी काही बोलत नाही.
गाडीत सामान चढवताना
रबराच्या झाडाची कुंडी तिनं मांडीवर घेतली,
कुणाला हात लावू दिला नाही.

चौथ्या मजल्यावरची मादाम अर्शालुइस
सहा वर्षं खाली उतरलेली नाही.
तिचे पाय कसे आहेत, मला ठाऊक नाही.
मला माहीत आहे तिची टोपली,
तीन ठिकाणी गाठ मारलेली दोरी,
सकाळी आठला डुलत खाली येणारी,
आत मोजून ठेवलेली नाणी.
आज नाणी नव्हती.
तपकिरी बूट होते, कोरे, पातळ कागदात गुंडाळलेले,
तिच्या नवऱ्यासाठी घेतलेले,
त्यानं पायात न घालताच सोडलेले.
"डोंगरात लागतील!" ती वरून ओरडली.
"मापात आहेत ना?"
दोन बोटं मोठे होते.
"अगदी मापात," मी खालून ओरडलो,
आणि टोपलीत गरम पाव ठेवला.
ती दोरी ओढत राहिली, गाठीगाठीला थांबत.
उद्याचं तिनंही विचारलं नाही,
मीही नाही.

कालचा पेपर चोळामोळा करून चवड्यात कोंबला
आणि बूट चढवले.

मग फुटपाथवर गुडघे टेकून
आयुष्यात पहिल्यांदा
बाहेरून आत डोकावलो.
एवढीशी खोली.
पलंगामागच्या भिंतीवर एक चौकोन, जरा उजळ,
खिळ्याला अडकून राहिलेला टॉवेलचा धागा.
इथे आम्ही तीन मुलं वाढवली,
हे बाहेरून कुणाला खरं वाटलं नसतं.
मागे कुणीतरी येऊन थांबलं.
आतल्या फरशीवर माझ्या डोक्याशेजारी
दोन पायांची सावली पडली, एका बाजूला कललेली.
वळून पाहायची गरज नव्हती.
"वहीतलं शेवटचं पान फाडलं," हिदिर म्हणाला.
"किती होते?"
"वाचता येत नव्हतं."

उठलो. चालू लागलो.
निघताना पाय निघत नाही, असं म्हणतात.
माझा तर पावलागणिक निघतो आहे
बुटातून.
दोंदू गाडीतून पाहते आहे,
चेहऱ्याकडे नाही.