उतरवण्याचं बंदर

पहाटे साडेतीनला कॉन्वी सोडलं.
विहीण म्हणाली, चहा शेवटचा बोया मागे पडल्यावर.
हिच्या हातावर मी लग्नात साखर ठेवली होती,
हिचे पाय धुवायचे की नाही
यावर आमच्याकडे तासभर खल झाला होता.
आज हीच मला सांगते,
वाक, डोकं सांभाळ, शीड फिरतंय.

एकोणतीस फुटांची होडी, एक्काहत्तर वर्षांची ग्वेनिथ.
दोघीही वळताना कुरकुरतात,
पण वळतात.

मला वाटलेलं, समुद्रावरून शहर हळूहळू उगवत असेल.
छे. आधी येतात नियम.
लाल बोये डाव्या हाताला, हिरवे उजव्या,
रेडिओवर चॅनल बारा,
त्यावर जांभई दाबत कुणी एक
जहाजांची हजेरी घेतोय मास्तरसारखी.
आमचं नाव पुकारत नाही.
आम्ही मागच्या बाकावरच्या,
त्याला वर बघायला लागू नये
इतपतच असायचं आम्ही.

मग मागून बेलफास्टची फेरी.
आधी धुक्याचा नुसता दाट झालेला तुकडा,
मग अख्खी सोसायटी, आणि तिला घाई.
ग्वेनिथनं होडी बोयांच्या बाहेर काढली,
वेल्शमध्ये काही पुटपुटली.
वेल्श मला येत नाही,
शिवी सगळ्या भाषांत येते.
लाट आली. किटली उडाली.
मेथीच्या पोळ्यांचा डबा तळातल्या पाण्यात.

आणि डावीकडे क्रेन.
लालभडक, ओळीनं,
खाली पेट्यांवर पेट्या.

सव्वीस वर्षं उरणच्या एका ऑफिसात
मी बिल ऑफ लेडिंग टाइप केली.
चढवण्याचं बंदर : न्हावा शेवा.
उतरवण्याचं बंदर : लिव्हरपूल.
इंग्रजीत नऊ अक्षरं. बोटांना पाठ.
पगाराच्या दिवशी तीच नऊ,
सासरे गेले त्याच्या चौदाव्या दिवशीही तीच.
टॉवेल, बासमती, बिडाची झाकणं, पुन्हा टॉवेल.
खिडकीतून दिसायचं पार्किंग
आणि एक करंज.
समुद्र दीड किलोमीटरवर होता,
जेवणाच्या सुट्टीत जाऊन येणं बसत नसे.

आता तो शब्द समोर आहे
आणि त्याला वास आहे :
डिझेल, शेवाळ, कुठेतरी कांदा तळतायत.
एवढा रुंद असेल वाटलं नव्हतं.
रकान्यात तर मावायचा.

एक निळी पेटी, कोपरा चेपलेला.
मी डोळे बारीक करून नंबर वाचू लागले,
पहिली चार अक्षरं लागलीही,
तेवढ्यात ग्वेनिथ कडाडली, सुकाणू!
तिनं मला मान दिला होता,
आणि मी विहिणीचा मान हातात घेऊन
सरळ एका टगबोटीवर चालले होते.

ब्रन्सविकचं लॉक भरतीपुरतंच उघडतं.
चुकलं की बाहेर नदीत ताटकळा.
आम्ही पोचलो तेव्हा बारा मिनिटं उरली होती.
दोर पकडला, हाताला हिरवं बुळबुळीत लागलं,
मागचं दार मिटलं, आत पाणी शांत झालं
आणि शहराचा आवाज पहिल्यांदा वरून आला :
बस, सायरन, कुणाचं तरी हसणं.
काठावरच्या माणसानं वही काढली.
कुठून आलात?
ग्वेनिथनं माझ्याकडे पाहिलं. सांग तू.
मी म्हटलं, न्हावा शेवा.
त्यानं स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं,
अर्ध्यात त्याचं पेन थांबलं.
होडीकडे पाहिलं, आम्हा दोघींकडे पाहिलं,
खोडलं,
आणि लिहिलं, कॉन्वी.

संध्याकाळी दूध आणायला गेले
तर दुकानाची फरशी डुलत होती.
रांगेत कुणाला सांगायचं?
परत येऊन कोरड्या राहिलेल्या दोन पोळ्या
आम्ही लोणी लावून खाल्ल्या.
ग्वेनिथनं विचारलं, त्या टॉवेलांचं पुढे काय व्हायचं?
काय माहीत. माझं काम उतरेपर्यंत.

आंघोळीला तिनं तिचा टॉवेल दिला.
मी आधी कडेची चिठ्ठी उलटून पाहिली.
पोर्तुगाल.

चांगला होता तसा. जाड.