एका कानाचा अभिप्राय

मेन्झी, ऐकलं तुझं गाणं.
तीन फेऱ्या ऐकलं, उमलाझी ते डर्बन स्टेशन.
पेनड्राइव्ह अजून डॅशबोर्डलाच आहे, काळजी करू नकोस.

पहिल्या फेरीला, खरं सांगतो, वैतागलो.
तुझा किक आणि तुझा बेस
एकाच दारातून एकदम शिरायला बघतात
आणि चौकटीत अडकतात,
सोमवारच्या माझ्या गिऱ्हाइकांसारखे.
एकाला म्हण, थांब जरा, त्याला जाऊ दे.
कॉम्प्युटरवरची तुझी बटणं मला कळत नाहीत.
दार कळतं.

आणि हा बेस घाबरलेला आहे.
मोठा आहे, पण घाबरलेला,
फोटोसाठी पोट आत ओढून उभ्या माणसासारखा.
मग आठवलं, तुझी आई रात्रपाळी करून येते
आणि दिवसा पलीकडच्या खोलीत झोपते,
तू हेडफोन लावून, पत्र्याखाली घामाघूम,
श्वास चोरत मिक्स करतोस.
मधली ती भिंत
गाण्यात ऐकू येते रे.
तिचा दोष नाही. तुझाही नाही.
रविवारी मी गाडी धुतो तेव्हा ये,
चारही दारं उघडून वाजव,
मग कळेल कुठे कमी करायचं.
मला वाटतं, कमीच करायचं.
मीठ जास्त झालं की लोक पाणी मागतात,
काल तिघांनी खिडकी उघडली.

दुसऱ्या फेरीला कोबीचं पोतं मांडीवर घेतलेली बाई
म्हणाली, हे सुरू कधी होणार?
सुरू होऊन चार मिनिटं झाली होती.
हे कानामागे टाकू नकोस.

पण चढावर, जिथे तू सगळं एकदम थांबवतोस,
तिथे माझी मागची नंबरप्लेट थरथरत राहिली,
एकटीच, किर्र किर्र,
आणि मागच्या सीटवरची पोरं
तिच्या ठेक्यावर खांदे हलवायला लागली.
तिथे काही भरू नकोस.
ती जागा गाडीची.

आता तिसरी फेरी.
माझा उजवा कान गेलाय, तुला माहीत नसेल.
एकोणीस वर्षं उजव्या दारातला स्पीकर.
दवाखान्यातल्या सिस्टरने कानाशी चुटकी वाजवली,
मी तिचं घड्याळ बघत बसलो.
लोक एका कानाने ऐकतात, दुसऱ्याने सोडून देतात.
माझ्याकडे ती सोय नाही.
आत आलेलं आतच राहतं.

तर हिरव्या स्वेटरची एक शाळकरी मुलगी
पुढे माझ्याशेजारी बसलेली. म्हणाली,
काका, हा कोण हसतोय?
कुठे?
तुमच्या बाजूला. उजवीकडे.
हसतो, हसता हसता खोकतो,
मग नाणी वाजतात.

सिग्नल हिरवा झाला होता.
मागचे हॉर्न मारत होते, तेवढे मला ऐकू येतात.

तुझा भाऊ या गाडीच्या दारात सहा वर्षं उभा होता.
सुट्टे देताना खेथा हसायचा,
कारण वजाबाकी यायची नाही त्याला,
आणि लोक हसण्यापायी उरलेले पैसे विसरायचे.
तुला हे कुठे सापडलं, कुठल्या जुन्या फोनमध्ये,
विचारत नाही.
मी त्या मुलीला म्हटलं, परत लाव,
आणि सांग, आता हसतोय का?
ती सांगत गेली.
दोन स्टॉप मी तिच्या तोंडून त्याचं हसू ऐकलं.

बाकी तुझं तू बघ.
वरचे ते चिक-चिक कानाला बोचतात, असं ती म्हणाली.
मला बोचत नाहीत, पण तिचं ऐक.

फक्त खेथाला असा कोपऱ्यात उभा करू नकोस.
मध्ये आण.
आवाज वाढवायला नको,
नुसतं मध्ये.

गुरुवारी चौथी फेरी करू.
भाडं मात्र आण,
फुकट बसवत नाही मी कुणाला.
एखादा रँड कमी भरला तर चालेल.