डाव्या पायाची फरशी

जिंतूर रोडच्या दुकानात मी चप्पल काढली
तेव्हा काउंटरवरची श्रावस्ती म्हणाली,
'राहू द्या सिस्टर, इथं चालतं.'
मला चालत नव्हतं.
बावीस वर्षं बदलीच्या नोकरीत
मी घरं पायांनीच ओळखली:
मानवतला कोबा, टाचेला खाणारा.
पाथरीला मोझॅक, त्यातला शिंपल्याचा एक तुकडा
रोज झाडताना भेटायचा.
गंगाखेडला नुसतं शेण, शनिवारी ओलं, सोमवारी पोपडे.
सगळं दुसऱ्यांचं. मी फक्त पुसलं.

आता पहिल्यांदाच कुणी विचारतंय,
काय टाकायचं?

श्रावस्तीनं खोके फोडले.
दोन बाय चार, हाय ग्लॉस.
त्यात दुकानाचा पंखा दिसत होता,
माझी हनुवटी खालून दिसत होती;
या वयात कुणाला बघायचीय?
मार्बल, ज्यात मार्बल नाही.
सागवान, ज्याला सागाचा वास नाही.
काळ्या ग्रॅनाइटला मी लगेच नको म्हटलं:
आमच्या बोअरच्या पाण्यानं
दुसऱ्याच पुसण्याला त्यावर खडूचा नकाशा उमटतो.

मग पर्समधली बाटली काढली
आणि त्या चकचकीत तुकड्यावर पाणी ओतलं.
नागोरावांना म्हटलं, ठेवा पाय.

डावा.
दिवाळीपासून जो ऐकत नाही, तो.
ठेवला, आणि तो निघाला
मालकाला न विचारता.
मी आणि श्रावस्तीनं दोन्हीकडून धरलं.
कुणी काही बोललं नाही.
तिनंच फडकं आणलं, पुसता पुसता म्हणाली,
'मागं गोडाऊनला शहाबादी पडलीय, बिनपॉलिशची.
कुणी नेत नाही.'

मैनोद्दीन मिस्त्री वैतागला.
'जमाना कुठं चाललाय सिस्टर, अन् तुम्ही दगड आणता.
माप सारखं नाही, जाडी सारखी नाही,
लोक म्हणतील, अंगण घरात घेतलं.'
म्हणू देत.
तुम्ही खाली मुरूम तेवढा नीट दाबा, दीड फूट.
ही परभणीची काळी माती आहे,
उन्हाळ्यात तोंड वासते, पावसाळ्यात फुगून बसते,
वरच्याची पर्वा करत नाही.

तो बसला मग.
हातोडीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवत गेला,
कान खाली लावून,
जसे आमच्या दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर
बोटानं छाती वाजवायचे.
ठक्क. ठक्क. ढब.
ढब आली की उचलायची, माल भरायचा, पुन्हा.
त्या दिवशी सात उचलल्या.

उंबरे टाकलेच नाहीत.
त्यानं विचारलं, 'मग लक्ष्मी कशी येणार?'
नागोरावांचे शब्द अजून अर्धेच येतात. म्हणाले,
'घ...सटत.'
मैनोद्दीन एवढा हसला
की ताणलेली दोरी हलली, एक ओळ वाकडी गेली.
ती तशीच आहे. कपाटाखाली.

काल रात्री भाकरी थापताना
पाठीमागं ऐकू आलं:
एक पाऊल, आणि त्यामागं खर्रर्र.
बैठक. मग पॅसेज.
मोरीपाशी थोडा उतार आहे, तिथं आवाज थांबला.
परातीतला हात माझाही थांबला.

खर्रर्र.

मी वळले नाही.
तव्यावरची उलटली,
दुसरीला पीठ घेतलं.