जोखमीच्या रकान्यात

टोर्ग्नी, तुला सांगायचं राहिलं,
काल मी तुझं नाव
जोखमीच्या रकान्यात लिहिलं.

गोथेनबर्गहून आलेल्या बाईंनी
आम्हा अकरा जणांना एकेक कोरा तक्ता दिला होता.
ग्राहक कोण? खर्च किती?
दुसऱ्या कुणापाशी नाही असं तुमच्यापाशी काय आहे?
नोव्हेंबरात उपसालाला दुपारीच अंधारून येतं,
तेव्हा खिडकीत बाहेरचं काही नव्हतं, आम्हीच होतो,
पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातले,
रात्रपाळीने डोळे चुरचुरणारे अकरा विक्रेते.

मी लिहिलं: प्रवेगक. लांबी एक मीटर.
ज्या क्ष-किरणांसाठी मैदानाएवढी वर्तुळं बांधतात
ते संग्रहालयाच्या तळघरात मिळतील,
जुन्या चित्राचा रंग न खरवडता
खाली कुणी कुणाचा चेहरा बुजवलाय ते दिसेल.

"छान," बाई म्हणाल्या. "किती जण घेतील?"
"सात."
"सात हजार?"
"नाही. सात. नावं सांगू का?"
लिथुआनियाचा गिंटारास खो खो हसला,
मग त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे तर चारच आहेत.

नंतरचा रकाना होता तुझा.

तुझी ती खालची खोली, बरोबर वीस अंशांची,
जिथे दार उघडं राहिलं की तू स्वीडिशमध्ये पुटपुटतोस
आणि बंद केलं की मुळीच बोलत नाहीस.
हिऱ्याच्या टोकाखाली तांबं फिरतं,
केसाहून बारीक, लालसर, गुंतवळासारखं निघत राहतं.
पहिल्या वर्षी मी वाकून बघायला गेले
तर तू म्हणालास, "श्वास तिकडे सोड, तांबं फुगतं."
मला गंमत वाटली. मग मी हिशेब करून पाहिला.
फुगत होतं.

तुझ्या चकत्या एकावर एक रचून भट्टीत जोडल्या
की आतल्या घरांची रांग होते.
माझे वडील क्रान्यजवळ मधमाश्या पाळतात,
त्यांना फोटो पाठवला तर म्हणाले, घरं बरी आहेत,
पण माशी कुठाय?
माशी दिसत नाही, बाबा. ती येते आणि गेलेली असते.

घाव सोसून दगडाचा देव होतो म्हणतात.
तांब्याचं तसं नाही.
रात्रभर मी शक्ती जराजरा वाढवत बसते,
आत कुठेतरी ठिणगी पडते,
निर्वाताचा काटा दचकतो, खाली बसतो,
मी वहीत वेळ लिहिते, दोन पावलं मागे येते,
पुन्हा चढते.
ठिणग्या हव्यात, पण मोजून.
एक जादा झाली की पृष्ठभागावर देवीचा व्रण उठतो
आणि मग ते घर जन्मभर तिथेच ठिणगी पाडतं.
दोन महिने लागतात एका नळीला शहाणं व्हायला.
तुझ्या नळ्यांना पाच आठवडे.
का, ते कुठल्याच प्रबंधात नाही.
मी शोधलं.

तू मार्चमध्ये निवृत्त होतोयस.
ही गोष्ट मला कॅन्टीनमध्ये सूप वाढणाऱ्या गुन्वरने सांगितली,
कारण सगळ्यांना माहीत होती.

म्हणून लिहिलं, टोर्ग्नी सँडेल, जोखीम.
आधी "खास बलस्थान"मध्ये लिहिलं होतं. खोडलं.
शेजारचा रकाना: उपाय.
बाईंनी तिथे बोट ठेवलं आणि काही न बोलता
गिंटारासकडे वळल्या.
हुशार बाई.

तुला आठवत नसेल,
पहिल्याच दिवशी तू माझे हात उलटेसुलटे करून पाहिलेस
आणि म्हणालास, "उद्या साडेसहाला ये. नखं कापून."
मी हसून वर निघून गेले,
वर संगणक होते, खुर्च्या फिरत होत्या,
आणि मला वाटलं होतं, मी इथे
हात काळे करायला थोडीच आलेय.

तो रकाना अजून रिकामाच आहे.
सोमवारी साडेसहाला दार ढकललं
तर पुटपुटू नकोस.
लगेच बंद करेन.
नखं कापली आहेत.