बारापैकी दहा

हरिपूरला, जिथं जमीन पायाखाली पोकळ वाजते,
सिदगोंडाकाका पेवात आधी कंदील सोडायचे, दोरीला बांधून.
ज्योत विझली की काठावर बसून बिडी काढायचे.
"हळद आत श्वास घेतीया," म्हणायचे,
"तिनं सोडलेलं वारं जड. बुडाशी बसतंय, दिसत न्हाई.
घाई केली त्यो वर आला न्हाई."

तेच वारं मी आता मोजते,
विश्रामबागेत, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर.
शिंप्याच्या खडूसारखी पांढरी पूड, चिमूटभर,
रात्रभर एकशेवीसवर तापवून, निर्वात करून.
द्रव नायट्रोजन जनावरांच्या रेतन केंद्रातून येतो,
स्कूटरवर, माझ्या दोन पायांत धुमसणारा कॅन.

पुडीत पेवंच पेवं.
झिरकोनियमच्या गाठी, मध्ये कार्बनच्या तुळया,
एकेका गाठीला बारा.
हे पुस्तकातलं.
माझ्या गाठींना सरासरी दहा निघाल्या.
त्या दिवशी लाईट गेली होती,
ॲसिड अंदाजानं पडलं,
वहीत मी ते लिहिलंही नव्हतं.

"सदोष आहे, टाकून दे," सर म्हणाले.
मग चष्मा पुसून परत आलेख बघितला.
रेघ वर चढली होती, बिनचूक पुडीच्याही वर.
तुळई नव्हती तिथं दोन पेवांचं एक झालं होतं
आणि उघड्या पडलेल्या गाठी
जाणाऱ्या वायूला
मनगटाला धरून बसवून घेत होत्या.

सगळ्यांनी चहा मागवला.
मला पुराचं वर्ष आठवत होतं.
काकांच्या एका पेवाला भेग होती, करंगळी जाईल एवढी,
त्यांना ठाऊक होती, शेणामातीनं लिंपलेली.
कृष्णा तेवढ्यातून आत आली.
दीडशे पोती.
ओढा आठवडाभर पिवळा वाहत होता, आणि काका
त्याच्याकडे पाठ करून जेवायचे.

पुढच्या खेपेला मी हावरटासारखं ॲसिड ओतलं.
दहाच्या सात केल्या.
पूड दिसायला तीच, पण हवा काढली
आणि आतल्या आत बसली.
रेघ तळाला आडवी.

रविवारी काकांना सांगितलं. त्यांना कितपत कळलं, माहीत नाही.
बराच वेळ अंगठ्यानं काड्यापेटी उघडझाप करत राहिले.
"म्हंजे किती तुळया काढल्या तर चालतंय?"
"अजून सांगता येत नाही, काका."
"मग घाई कशाला करतीस," ते म्हणाले,
"कंदील सोडून बघ की आधी."

सोमवारी वहीत मागच्या तारखेला लिहिलं:
ॲसिड जास्त. कारण, लाईट गेली.