चमचे मोजून घेत

शंकरपट उठला की त्याच खारीत
टुरिंग टाकीचा तंबू लागायचा.
बैलांच्या खुरांनी भुसभुशीत झालेली माती,
तिच्यावर बारदाना, पुढे पडदा,
मागे जनरेटर, दमेकऱ्यासारखा खोकणारा.
तिकीट दीड रुपया.
आमच्या खिशात बोरं होती.

म्हणून आम्ही चौघं कनातीखालून
पोटावर सरपटत आत शिरलो,
कोपरं सोलून, तोंडात माती घेऊन,
आणि समोर पडद्यावर तीन चोर
तुरुंगातून बाहेर यायला
तसेच सरपटत होते.
ढेंग्या म्हणाला, "थे इकडंच येऊन रायले बे."

हसायचा सिनेमा होता.
एक लंबू, एक बुटका, आणि एक जाडा,
ज्याच्यासाठी भुयार दर वेळी पुन्हा रुंद करावं लागे.
ते चमच्यानं खणत, माती खिशात भरत,
सकाळी जेलरच्या वाफ्यात पाय झटकत.
ती माती वांग्यांना मानवली.
वांगी नारळाएवढी झाली.
जेलर त्यांच्या पाठी थोपटायचा, हाताला गुण आहे म्हणायचा,
आणि अख्खी टाकी लोळायची.

उकंडा नेवारे तेवढा हसत नव्हता.
तिकीट काढून, मांडी घालून, खांबाला टेकून.
नागपूरच्या मोठ्या जेलातून सुटून त्याला तीन वर्षं झाली होती.
का गेला होता, ते आमच्या घरी
पोरांसमोर बोलत नसत.
तोही बोलत नसे. दुकानात तेलाची शिशी पुढे करायचा,
दुकानदार समजून घ्यायचा.
त्या अंधारात तो बोलला, कुणालाच नाही असं:
"चमच्यानं नाय होत. चमचे मोजून घेत."

मग जाडा भोकात अडकला.
अर्धा भुयारात, अर्धा जेलरच्या न्हाणीत,
जेलरीणबाई बादली घेऊन दारात,
आणि जनरेटरनं मान टाकली.

काळोख. शिट्ट्या. पैसे वापस!
मालक कंदील घेऊन सांगत फिरला,
माणूस गेलाय डिझेलला, सायकलीवर, दारव्ह्याला.
दारव्हा सात कोस.

"मंग त्या जाड्याचं काय झालं वं?"
बायांच्या बाजूनं कोणीतरी विचारलं.
खांबाजवळून आवाज आला,
"काय होते? बाईनं पानी टाकलं त्याच्यावर.
तिले वाटलं डुक्कर व्हय."

टाकी फुटली.
तो उभा राहिला. कंदिलामुळे
त्याची सावली पडद्यावर चढली, पाय मोठे, डोकं लहान.
साबणानं जाडा कसा सटकला ते त्यानं सांगितलं.
जेलरीणबाईचं लुगडं नेसून
तिघं फाटकातून कसे निघाले,
आणि पहारेकऱ्यानं "बाई, वांगे राह्यले" म्हणून
टोपली कशी हातात दिली.
किल्ल्यांचा आवाज त्यानं जिभेनं काढला,
इतका हुबेहूब
की आम्ही हसायचं विसरलो,
मग दुप्पट हसलो.
तीन वर्षांचं बोलणं तो
एका सायकलीच्या येण्याजाण्यात बोलून गेला.

डिझेल आलं. पडदा उजळला.
त्यात जाड्याला क्रेननं उपटलं, मोटारी धावल्या,
शेवटी लंबूचं लग्नच लागलं.
लोक कुरकुरले: "लुगडं कुठं हाय?"
म्हातारा डोमाजी तर मालकाशी भांडला,
तुमच्या रिळात शेवट चुकीचा भरलाय.

सुटल्यावर सगळे दारातून गेले.
आम्ही सवयीनं कनातीकडे.
कनात कोणीतरी वर उचलून धरली होती.
आम्ही वाकून निघालो, आणि उकंडा
हलक्या आवाजात मोजत होता,
एक, दोन, तीन,
ढेंग्या अडकला,
चार.

ढेंग्यानंच विचारलं, "काका, खरंच पयालं होतं काय कोनी?"
त्यानं बराच वेळ कनात खाली सोडली नाही.
"एक जन.
चप्पल इसरला, म्हून वापस आला."

आणि चपला फटफटवत
अडाणच्या वाटेनं गेला.